कारखानदाराने समाजाचं भलं करावं की नुसता रास्त भाव द्यावा?

अमळनेरकर:
2014 पासून कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. खान्देशाला हे शिकवायची गरज नव्हती. गिरणीमालक प्रताप शेठजींनी 1916 साली आमच्या गावात तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. गिरणीच्या गावात, तत्त्वज्ञानासाठी! 1945 मध्ये इथेच वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, तीच आजची विप्रो. 2019 पर्यंत तिच्या 67 टक्के मालकीचा लाभ अझीम प्रेमजींनी समाजकार्याला देऊन टाकला. नफ्यापलीकडचा धंदा म्हणजे दुसरं काय?

रावेरचा केळीवाला:
भाऊ, हे नफ्यानंतरचं दान झालं. धंदा करताना कोणाला काय दिलं, ते सांगा. प्रताप हायस्कूलात शिकवणाऱ्या साने गुरुजींनाच पुढे अमळनेरच्या गिरणी कामगारांसाठी उभं राहावं लागलं. शेठजी दानशूर, म्हणून मजुरांचे प्रश्न आपोआप सुटले नाहीत.

आमच्याकडे बाजार समितीच्या बोर्डावर केळीचा भाव एक लागतो, बांधावर हातात पडतो दुसरा. कापणीला आलेला घड फार दिवस थांबत नाही, हे व्यापाऱ्याला पक्कं ठाऊक. तोच व्यापारी गावच्या सप्ताहाला हजारोंची पावती फाडतो आणि त्याचा सत्कार होतो. त्याने पावती फाडू नये, बोर्डाच्या भावाने माल उचलावा. एवढं झालं तरी गावाचं भलं आहे.

ठिबकप्रेमी:
तुम्ही दोघं तिसरा प्रकार विसरलात. जळगावच्या जैन इरिगेशनच्या भवरलाल जैनांनी 1963 मध्ये रॉकेल विकण्यापासून सुरुवात केली, पुढे ठिबक आणलं, टिश्यूकल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं आणली. बाग एकसारखी निसवते, म्हणजे घड एकदम बाहेर पडतात, पाणी वाचतं. कंपनीने पैसा कमावला तो हेच विकून. यात धंदा कुठे संपतो आणि समाजकार्य कुठे सुरू होतं, दाखवा.

रावेरचा केळीवाला:
ठिबक माझ्याही वावरात आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण सरकारी अनुदान बाजूला काढा, मग किती जणांना परवडतं ते बघू. त्या कंपनीलाही मध्यंतरी कर्जाची फेररचना करावी लागली. समाजाचं भलं एका कंपनीच्या ताळेबंदाला बांधायचं का? तुमची प्रताप मिल बंद पडलीच ना.

अमळनेरकर:
मिल बंद पडली, प्रताप कॉलेज चालू आहे. धंदा गेला, दान टिकलं. हे तुमच्याच विरोधात जातं, दादा.

सावद्याची ताई:
शेठजींवरून वाद कशाला? कंपनी कायद्यातल्या 2002 च्या दुरुस्तीने शेतकऱ्याला स्वतःची उत्पादक कंपनी काढता येते. आम्ही काढली. नफा सभासदांचा, वजनकाटा आपला. पण बाहेर भाव जरा चढला की आमचाच सभासद रात्रीतून माल व्यापाऱ्याच्या गाडीत भरतो. शोषण शोषण म्हणून ओरडणारा पहिला तोच असतो.

रावेरचा केळीवाला:
भरणारच. व्यापारी रोख देतो, तुमची कंपनी बिल निघाल्यावर. आठवड्यात पैसे द्या, मग बघू कोण पळतं.

सावद्याची ताई:
आठवड्यात द्यायला खेळतं भांडवल लागतं. त्यासाठी भागभांडवल वाढवायचा ठराव सभेत मांडला, तेव्हा किती हात वर झाले, ते तुमच्या भागातल्या सभासदांनाच विचारा.