कविता शिकवताना, निबंध तपासताना : तुमचे अनुभव सांगा

खडूफळा :
काल भुसावळला जाताना पॅसेंजर भादलीला थांबली. बालकवी इथेच गेले, ५ मे १९१८ ला, रेल्वेखाली. वय सत्तावीस. त्या स्टेशनात माझी मान दरवेळी खिडकीकडे वळते. काल मात्र बालकवींच्या आधी माझा एक विद्यार्थी आठवला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही.

मी जळगाव जिल्ह्यात दहावीला मराठी शिकवतो. बरीच वर्षं झाली. तेव्हा मी रसग्रहण फळ्यावर लिहून द्यायचो, मुलं उतरवून घ्यायची. बालकवींची 'औदुंबर' सरावासाठी घेतली होती. आठच ओळी. 'प्रस्तुत कवितेत कवीने निसर्गाचे मनोहारी वर्णन केले आहे' हे माझं पहिलं वाक्य. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. एरवी हजेरीशिवाय तोंड न उघडणारा. म्हणाला, "सर, ही पांढरी वाट काळ्या डोहाकडे जाते ना, आमच्या गावात मसणवट्याची वाट अशीच जाते. शेतातून, नदीकडे."

वर्ग एकदम गप्प झाला. मी काय म्हणालो? "बस खाली, पुढचं लिहून घे."

सराव परीक्षेत त्याने 'मनोहारी वर्णन' लिहिलं. मी पैकीच्या पैकी दिले. ते गुण मला अजून टोचतात.

आता मी आधी काहीच सांगत नाही. फक्त रंग लिहून काढायला लावतो, कवितेत येतात त्याच क्रमाने. हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. फळ्यावर एकाखाली एक मांडले की मुलंच म्हणतात, "सर, अंधार होत चाललाय." तिथून पुढे रसग्रहण त्यांचं.

तुमचे अनुभव लिहा. शिकवणारे, शिकलेले, घरी अभ्यास घेणारे, सगळ्यांनी.

केळीचं पान :
भादली!! माझं माहेर तिथून जवळच. आता घरी कोणी नाही, पण स्टेशनाचं नाव वाचूनच बरं वाटलं. भरिताची वांगी आली का हो बाजारात? इकडे ठाण्यात मिळतात ती नुसती पाणचट.

लालशाई :
बोर्डाचे पेपर तपासते म्हणून लिहिते. रसग्रहणाला चार गुण, त्यात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे तीन परिच्छेद. निबंधाला आठ : प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक यातलं एक. गठ्ठा सोडला की पहिल्या पाच उत्तरांत कळतं की शाळेत काय लिहून दिलंय. वाक्य तेच, ऱ्हस्वदीर्घाच्या चुकासुद्धा त्याच.

पण सर, साचा अगदी मोडीत काढू नका. माझ्या वर्गात अशी मुलं आहेत ज्यांना तीन ओळी सलग लिहिणं हाच डोंगर आहे. त्यांना पहिलं वाक्य हातात दिलं तर पेन चालतं. मी तीन परिच्छेदांची पहिली वाक्यं देते आणि प्रत्येकाखाली एक ओळ अशी मागते जी शेजारच्याच्या वहीत असता कामा नये. सुरुवातीला भांडणं व्हायची, 'बाई, याने माझी ओळ घेतली'. ओळ 'माझी' वाटायला लागली, याचा मला फार आनंद झाला होता.

मेथीनिवडणारी :
माझा नववीत, इंग्रजी माध्यम, पुणे. २०२० च्या कायद्याने मराठी सक्तीची झाली ते चांगलंच झालं, पण घरी अभ्यास घेताना जीव जातो. याच कवितेत अडला. 'झाकळणे' म्हणजे काय? शब्दकोशातला अर्थ वाचून दाखवला, चेहरा कोरा. मग टेबललॅम्पवर माझी गडद निळी ओढणी टाकली. उजेड गेला नाही, पण सगळी खोली वेगळी झाली. तो दोन मिनिटं भिंतीकडे बघत होता. म्हणाला, "म्हणून 'गोड काळिमा' म्हटलंय का?" मी

मेथीनिवडणारी :
सॉरी, अर्धंच गेलं, कुकर उतरवत होते. मी काहीच बोलले नाही. एवढंच सांगायचं होतं.

खडूफळा :
ताई, ओढणीची युक्ती उद्याच वर्गात करतो. 'गोड' शब्दावर मुलं नेहमी अडतात.

डोंगरउतार :
थोडं वेगळं मत. त्या डोहात मरण शोधायची सवय मला पटत नाही. समीक्षकांनी त्या औदुंबरावर भरपूर वाद घातलाय. मला तो कायम पाण्यात पाय सोडून निवांत बसलेला आजोबाच दिसला. आमच्या ओढ्यावर उंबर आहे, खरोखर असाच झुकलेला, मुळं पाण्यात. दोन्ही वाचणारी मुलं एकाच वर्गात असली तर दोघांनाही गुण मिळाले पाहिजेत. अट एकच, कवितेतल्या ओळीवर बोट ठेवून सांगता आलं पाहिजे.

लालशाई :
+१. मी बाजूला 'कशावरून?' एवढंच लिहिते. वर्षभर तोच एक शेरा.

टँकरगल्ली :
लातूर. एप्रिल २०१६. तोच महिना, मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तो. नववीच्या वार्षिक परीक्षेत निबंध होता 'पावसाळ्यातील एक दिवस'. प्रश्नपत्रिका आधीच छापलेली, बदलणार कोण.

बहुतेकांनी गाईडमधला लिहिला. काळे ढग, मातीचा वास, मोराचा पिसारा. एका मुलीचा मात्र वेगळा. तिने लिहिलं होतं की टँकर पहाटे तीनला येतो, घागरींच्या रांगेत आपली घागर ओळखू यावी म्हणून आईने तिच्या गळ्याला लाल चिंधी बांधलीय, आणि टँकरच्या नळीतून गळलेल्या पाण्याने रस्ता ओला होतो तेव्हा तोच मातीचा वास येतो, आमच्या गल्लीत पावसाळा तेवढाच. मी स्टाफरूममध्ये हे मोठ्याने वाचलं. शेवटी तिनेही एक मोर घातला होता. विचारलं, "मोर कुठे पाहिलास?" तर म्हणाली, "सर, मोर नसला तर मार्क कापतात असं क्लासमध्ये सांगितलंय."

मी मोराची ओळ खोडली आणि पूर्ण गुण दिले. तिला बोलावून सांगितलं की चिंधीची ओळ माझ्या आयुष्यभर लक्षात राहील. राहिलीय.

केळीचं पान :
वाचून डोळे भरले. त्या वर्षी आम्ही इकडे शॉवर घेत होतो.

ओवीवाली :
माझा अनुभव विद्यार्थिनीचा. घरी आम्ही लेवा बोली बोलायचो. आठवीत निबंधात आजीच्या तोंडचं वाक्य लिहिलं, त्यात 'व्हता' होतं. लाल गोल, शेरा 'अशुद्ध'. पुढे दोन वर्षं आजी माझ्या निबंधात आली नाही.

दहावीला नव्या बाई आल्या. त्यांनी बहिणाबाईंची कविता शिकवायला घेतली आणि म्हणाल्या, "मी वाचणार नाही, माझ्या तोंडी ही भाषा बसत नाही. ज्यांच्या घरात बोलतात त्यांनी वाचा." मी उभी राहिले. पाय लटपटत होते. बाईंनी सांगितलं, बहिणाबाईंना लिहिता वाचता येत नव्हतं, मुलाने, सोपानदेवांनी, गाणी जपली आणि बहिणाबाई गेल्यावर १९५२ ला पुस्तक निघालं. म्हणजे ज्या शब्दाला मला लाल गोल मिळाला, त्याच बोलीला पुस्तकाचं पान मिळालं होतं. त्या दिवशी घरी जाऊन आजीला कविता वाचून दाखवली. तिने मधेच एक शब्द दुरुस्त केला, उच्चाराचा.

खडूफळा :
ओवीवाली, हे मी प्रिंट काढून स्टाफरूममध्ये लावू का? परवानगी असेल तरच.

ओवीवाली :
लावा सर.

ताशेवाला :
आम्हाला वृत्तं होती. भुजंगप्रयात काही केल्या डोक्यात शिरेना. मी गणपतीत ताशा वाजवायचो हे सरांना माहीत होतं. त्यांनी बाकावर वाजवायला लावलं, लगागा लगागा लगागा लगागा (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरु). वर मनाचे श्लोक म्हणायला सांगितले. गणाधी, शजोई, शसर्वां, गुणांचा. बारा अक्षरं चपखल बसली!! पूर्ण वर्ग बाक बडवत होता, शेजारच्या वर्गातून निरोप आला. आजही ताशा हातात घेतला की आधी लगागा येतं.

नवीसदस्य :
दहावी कुमारभारतीची पीडीएफ कुठे मिळेल? मुलीचं पुस्तक हरवलंय, घटक चाचणी सोमवारी.

लालशाई :
बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत आहे. इयत्ता आणि माध्यम निवडा.

नवीसदस्य :
मिळालं. धन्यवाद ताई. धागा वाचत बसले, स्वयंपाक राहिला.

डोंगरउतार :
खडूफळा सर, त्या मुलाचं पुढे काय झालं?

खडूफळा :
गावातच आहे. केळीच्या गाड्या भरतो. दोन वर्षांपूर्वी बाजारात भेटला, चहा पाजला मला. त्या तासाचं मी काही काढलं नाही. आता या आठवड्यात जाणार आहे त्याच्या गावी, तो म्हणाला होता ती वाट बघायला.

केळीचं पान :
जाताय तर येताना वांगी बघा सर. हिरवी, पांढऱ्या रेघांची.