शेगडी आत आणू नका

अमेरिकेतल्या एका ताईंनी लिहिलंय की पाऊस तारांवर पडताक्षणी गोठला, बर्फाच्या भारानं फांद्या मोडल्या आणि सगळा दिवस विजेविना एका खोलीत काढावा लागला. ऊब यावी म्हणून कोळशाची बार्बेक्यू शेगडी आत आणायचा विचार होता म्हणे. कृपा करून आणू नका!

आमच्या ग्वाल्हेरला असं बर्फाचं वादळ नसतं, पण गारपीट होते. एका जानेवारीत पहाटे बोराएवढ्या गारा पडल्या, कडुनिंबाची फांदी तारांवर आली आणि लश्कर भागातल्या आमच्या गल्लीची वीज गेली. दुपारपर्यंत मजाच होती. आईनं बाजरीच्या भाकऱ्या टाकल्या. पापुद्रा उचलला की वाफ यायची, त्यात तूप सोडायचं.

संध्याकाळी गारठा वाढला तशी आजोबांनी शेगडी खोलीत घेतली, दारंखिडक्या लावल्या. अर्ध्या तासात आजीचं डोकं ठणकायला लागलं, धाकट्याला मळमळलं. काकूच्या लक्षात आलं. तिनं खिडक्या उघडल्या, दोघांना अंगणात आणलं. कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास, आणि रक्तातल्या, प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतो. नुसता धूर नाही म्हणून बिनधास्त राहू नये.

मग सगळे दोन गोधड्यांत दाटीवाटीनं बसलो, मधे आजी. रात्री आठला दिवे आले तेव्हा धाकटा तिच्या मांडीवर गाढ झोपला होता आणि काकू अजून त्याच्या कपाळावर हात ठेवून होती.