ऑटोपेची कमाल रक्कम आधी बघा

वर विचारलंय की फोन ईएमआयवर घेतला आणि त्याच महिन्यात कार्डबिलाचं यूपीआय ऑटोपे फेल कसं गेलं, तर मँडेट (म्हणजे खात्यातून पैसे आपोआप कापायला दिलेली परवानगी) लावताना जी कमाल रक्कम टाकली असेल ना ती बघा आधी, समजा १० हजार टाकलेत आणि ईएमआय धरून बिल झालं १२,४०० तर १० हजारसुद्धा कटत नाहीत, अख्खं पेमेंटच परत जातं. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये कार्डबिलासाठी दरवेळी ओटीपी न लागण्याची मर्यादा १५ हजारावरून १ लाख केली, पण तुमचं जुनं मँडेट त्याने आपोआप वाढत नाही, ते तुम्हालाच बदलावं लागतं. आणि प्लीज ऑटोपे 'मिनिमम ड्यू' वर, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम असते त्यावर, ठेवू नका हो, उरलेल्या खरेदीवर व्याज जबरदस्त लागतं. पैसे कटायच्या किमान २४ तास आधी मेसेज येतो, त्यातली रक्कम वाचा. फेल गेलंच तर लगेच हाताने भरा, ड्यू डेटनंतर ३ दिवसांपर्यंत लेट फी लावता येत नाही.