कोट्याहून आलेला, कोट्यातून आलेला

रामबागची_ताई

ओळखीतली दोन मुलं यंदा आयआयटीला लागली. गणपतीत आमच्याकडे आरतीनंतर त्यांचा विषय निघाला. पहिल्याबद्दल एक काका म्हणाले, "त्याचं काय, दोन वर्षं कोट्याला ठेवला होता, बापाने पैसा ओतला." दुसऱ्याबद्दल एक मावशी म्हणाल्या, "तो होय, तो कोट्यातून." झालं. दोघांचा निकाल लागला.

रात्री भांडी आवरताना माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. राजस्थानातलं ते क्लासेसचं शहर कोटा आणि आरक्षणाचा कोटा, दोन्हीला आपल्या तोंडी एकच शब्द आहे आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थही एकच निघतो: यात त्या पोराचं स्वतःचं काही नाही. एकाला पैशाने नेलं, दुसऱ्याला सरकारने. पहाटे चारला उठून गणितं सोडवणारा मुलगा दोन्ही वाक्यांत कुठेच नाही.

हे लिहिण्याचं खरं कारण तिसरा मुलगा आहे. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताईंचा थोरला. सरकारी शाळा, हिंदी माध्यम, दहावीला गणितात ९६. त्या संध्याकाळी तो द्रोण वाटत होता आणि हे सगळं ऐकत होता. मी घरी नववी-दहावीचं गणित शिकवते, त्याला दोन वर्षं मीच शिकवलंय. घरी जाताना त्याला म्हटलं, आयआयटीच्या प्रवेश परीक्षेचा, जेईईचा विचार कर. द्रोणांची थप्पी खाली ठेवत तो म्हणाला, "काकू, वो अपने लिए नहीं है."

त्याला कोणी नापास केलेलं नाही. तो परीक्षेला बसलेलाच नाही. आयआयटीतला मुलगा म्हणजे पैसेवाला, इंग्रजी फाडणारा, नाहीतर सवलतीवाला, अशी चित्रं आपण उठता-बसता रंगवतो आणि दार तिथेच बंद होतं. प्रवेश वाढवायचा म्हणजे जागा वाढवायच्या, एवढंच आपण धरून चालतो. मला वाटतं सुरुवात आपल्या बोलण्यापासून व्हायला हवी. इंदूरची आयआयटी २००९ पासून आहे, आज सिमरोलला; आयआयएम १९९६ पासून, आज राऊला. शहरापासून तासाभराच्या आत दोन्ही. आणि आपल्याच गल्लीतल्या मुलाला ती परदेशासारखी वाटावीत?

तुमचं मत सांगा. विरोधी असलं तरी.

---

भंवरकुआ_फिजिक्स

ताई, भावना पोचली. पण मी पंधरा वर्षं इंदूरच्या भंवरकुआला, क्लासेसच्या भागात, भौतिकशास्त्र शिकवतोय आणि मला हे पटत नाही.

मुलगा प्रतिमेमुळे अडत नाही. तो अकरावीत अडतो. २०२४ मध्ये जेईईच्या पहिल्या टप्प्याला, मेनला, १४ लाखांच्या आसपास मुलं बसली. त्यातली अडीच लाख दुसऱ्या टप्प्याला, अॅडव्हान्स्डला, पात्र ठरली आणि २३ आयआयटी मिळून जागा होत्या साडेसतरा हजारांच्या थोड्या वर. ही चाळणी इतकी बारीक आहे की शाळेच्या अभ्यासावर त्यातून कोणी पार होत नाही. त्याच २०२४ ला अॅडव्हान्स्डमध्ये देशात पहिला आलेला मुलगा इंदूरचाच. तयारी मात्र कोट्यात. इंदूरमध्ये इतके क्लास असून!

माझ्या बॅचमध्ये बडनगर, सांवेरकडची मुलं येतात. गणितात ९५, ९६. पहिल्या महिन्यात रोटेशनल मोशन सुरू झालं की त्यांची वही बघा. डाव्या पानावर माझा फळा जसाच्या तसा उतरवलेला, उजवं पान कोरं. उजवं पान स्वतः सोडवायचं असतं. ते दिवाळीपर्यंत कोरंच राहतं, कारण घरी विचारायला कोणी नाही आणि आठवी ते दहावीत प्रश्न फिरवून विचारण्याची कोणी सवयच लावलेली नाही. "तू करू शकतोस" असं सांगून अशा मुलाला आत ढकलायचं आणि दोन वर्षांनी रँक आली नाही की तो स्वतःला मूर्ख समजतो. हे मी दर जूनमध्ये पाहतो. तुमच्या त्या मुलाने कदाचित स्वतःची बरोबर किंमत केली असेल.

---

सुदामानगर_आई

मी त्या पहिल्या वाक्यातली आई आहे. तुमच्या ओळखीतली नव्हे, पण तशीच.

मुलगा दोन वर्षं कोट्याला होता. ह्यांची नोकरी खाजगी, पगार किती ते इथे लिहीत नाही. फी आणि मेस भरायला माझ्या पाटल्या गेल्या, उरलेलं कर्ज अजून फेडतोय. पहिल्या वर्षी तो फोनवर बोलायचाच नाही, नुसतं "हो", "जेवलो", "ठेवतो". मार्चमध्ये त्याला भेटायला गेले तेव्हा खोलीत पलंगाच्या बाजूच्या भिंतीवर त्याने पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. दिवस मोजत होता.

आता लग्नकार्यात भेटलेले लोक म्हणतात, "तुमचं काय, तुम्ही पाठवू शकलात." हो, पाठवू शकलो. पोळ्यांच्या ताई पाठवू शकणार नाहीत, हे मला कळतं. पण "पैसा ओतला" म्हणताना तो कुठून आला, हेही कोणी विचारावं. ताई, तुम्ही विषय काढलात म्हणून लिहिलं.

---

जुना_एसजीएसआयटीएस

मी १९७० च्या दशकात एसजीएसआयटीएसमधून, इंदूरच्या जुन्या अभियांत्रिकी कॉलेजातून, अभियंता झालो. आमच्या वेळी अकरावीनंतर प्रवेश असे आणि शिकवणी लावणारा मुलगा कच्चा समजला जाई. वयाने मोठा असल्यामुळे स्पष्ट लिहितो.

"कोट्यातून" हे कोणाला हिणवायला वापरू नये, हे शंभर टक्के मान्य. पण धोरणाबद्दल प्रश्न विचारला की लगेच पूर्वग्रहाचा शिक्का मारणं, हेही बरं नव्हे. केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींना १५, जमातींना साडेसात आणि २००६ च्या कायद्याने इतर मागासवर्गांना २७ टक्के. २०१९ पासून आर्थिक दुर्बलांना १०. ओबीसींना उत्पन्नाची आठ लाखांची मर्यादा आहे, अनुसूचित जाती-जमातींना प्रवेशात तशी मर्यादा नाही. मोठ्या अधिकाऱ्याच्या मुलाला आणि अलीराजपूरच्या शेतमजुराच्या मुलाला एकाच रांगेत उभं केलं, तर जागा कोणाला मिळेल? यात त्या शेतमजुराच्या मुलाचंच नुकसान आहे.

दार रुंद करायचं तर सहावीपासून करा. नवोदय विद्यालयं त्यासाठीच काढली ना? १९८५-८६ मध्ये पहिली दोन निघाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. निवासी, सहावीला परीक्षा घेऊन प्रवेश, ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना. असं एकेका जिल्ह्यात चार-चार असायला हवं होतं. बारावीनंतर केलेली मदत उशिराची असते.

---

सेंधवा_ते_होस्टेल

काकांना आदरपूर्वक. मी बडवानी जिल्ह्यातला, भिलाला आदिवासी. एका आयआयटीत तिसऱ्या वर्षाला आहे, कुठल्या ते लिहीत नाही.

पहिल्या रात्री होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये ओळख करून देताना नाव विचारलं, गाव विचारलं आणि तिसरा प्रश्न, "रँक?" मी आकडा सांगितला. समोरच्याने "अच्छा" म्हटलं आणि तो पुढच्या मुलाकडे वळला. जात कोणी विचारत नाही. रँक विचारली की जात कळते. त्यानंतर एक सेमिस्टर मी वर्गात शंका विचारली नाही. प्रश्न चुकला तर तो माझ्या एकट्याचा चुकत नाही, आमच्या सगळ्यांचा चुकतो, असं वाटायचं.

मी तयारी वर्गातून आलोय. बाहेर फार जणांना हे माहीत नसतं. अनुसूचित जाती-जमातीच्या किंवा दिव्यांग मुलाला शिथिल कटऑफही थोडक्यात हुकला, तर जागा रिकामी असेल तिथे त्याला एक वर्ष आयआयटीतच गणित, भौतिक, रसायन शिकवतात. पास झाला तर पुढच्या वर्षी थेट पहिल्या वर्षाला, पुन्हा जेईई नाही. भंवरकुआवाले सर, तुम्ही ज्या उजव्या पानाबद्दल लिहिलंत ते माझं त्या वर्षात भरलं. पान भरायला वेळ लागतो, एवढंच. दोन वर्षांत भरलं नाही म्हणजे हात नाही, असं कसं ठरवता?

आणि काका, अधिकाऱ्याच्या मुलाला रँक विचारल्यावर "अच्छा" ऐकावं लागत नाही का? लागतं. माझा रूममेट तसाच आहे. वडील क्लास वन. त्यालाही तेच.

---

भंवरकुआ_फिजिक्स

बेटा, तयारी वर्गाबद्दल तुझं म्हणणं मान्य. तो आहे हे ठाऊक होतं, आतून कसा असतो ते नव्हतं. पण बघ, त्यालाही पात्र ठरायला पेपर लिहावा लागतो, आणि ताईंच्या त्या मुलाला तो वर्ग लागू होईल की नाही, कोण जाणे. मी धोरणावर बोलत नाहीये, समोर बसलेल्या मुलाबद्दल बोलतोय.

---

रेडिंगहून

मूळची लोकमान्य नगरची, बारा वर्षं इंग्लंडात. इथे ऑक्सफर्ड-केंब्रिजबद्दल अगदी हीच चर्चा चालते, म्हणून लिहिते.

या देशात खाजगी शाळेत जाणारी मुलं साधारण ७ टक्के. ऑक्सफर्डला प्रवेश मिळणाऱ्या ब्रिटिश मुलांत मात्र त्यांचा वाटा जवळजवळ एक तृतीयांश. परीक्षेलाही काळा झगा घालून बसतात, तेच फोटो सगळीकडे दिसतात. माझी मुलगी सरकारी शाळेत आहे. तिच्या वर्गातल्या हुशार मुलीही म्हणतात, तिकडे आपल्यासारखे नसतात. शब्द वेगळे, पण त्या मुलाने द्रोण ठेवता ठेवता म्हटलं तेच हे.

हे नुसतं बोलून बदलणार नाही, हे इथल्या विद्यापीठांच्या उशिरा लक्षात आलं. ऑक्सफर्डच्या कॉलेजांनी देशाचे भाग वाटून घेतलेत, आपापल्या भागातल्या शाळांत ते जातात. केंब्रिजने २०२२ मध्ये अडचणीतून शिकलेल्या मुलांसाठी एक वर्षाचा पायाभरणी अभ्यासक्रम सुरू केला, तोही विनाशुल्क. इथे त्याची केवढी वाहवा झाली. सेंधव्याच्या दादाचं वाचून कळलं की आयआयटीत तसा वर्ग कधीचा आहे. आपण त्याची वाहवा केली नाही, उलट लपवण्याची गोष्ट करून ठेवली.

---

पलासिया_७८

मुलींच्या जागांबद्दल कोणीच बोललं नाही. २०१८ पासून आयआयटीत मुलींसाठी वाढीव जागा आल्या, १४ टक्क्यांपासून सुरुवात करून २०२० ला २० टक्के. त्या वरच्या जागा आहेत, एकाही मुलाची जागा कमी केलेली नाही. तरी माझ्या भाचीला "मुलींच्या सीटवाली" म्हणतात. तिची रँक खुल्या यादीतली होती. एकदा शिक्का तयार झाला की तो सगळ्यांनाच बसतो.

---

जुना_एसजीएसआयटीएस

सेंधव्याच्या मुला, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. उत्पन्नाच्या मर्यादेबद्दलचं माझं मत कायम आहे, त्यावर आपण वेगळं बोलू. पण "अच्छा" बद्दल माझ्याकडे उत्तर नाही. नोकरीत असताना नव्याने आलेल्या मुलांना मीही रँक विचारत असे. इतर काही मनात नसे. समोरच्याला काय ऐकू येत असेल, याचा विचार केला नव्हता.

---

रामबागची_ताई

सर्वांचे आभार. सर, तुमच्या कोऱ्या पानाने मला झोप लागू दिली नाही. मी चित्राबद्दल बोलत होते, तुम्ही वहीबद्दल. वही माझ्या हातातली आहे, चित्र नाही. म्हणून काल त्या मुलाला आणि त्याच्या आईला बसवून बोलले.

त्यांची सगळ्यात मोठी भीती फीची निघाली. वर्षाला दोन लाख हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं आणि विषय तिथेच संपला होता. त्यांना हे माहीतच नव्हतं की आयआयटीत घरचं उत्पन्न वर्षाला एक लाखाच्या आत असेल तर शिकवणी शुल्क पूर्ण माफ, एक ते पाच लाखांत असेल तर दोन तृतीयांश माफ. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना पूर्ण माफ आहेच. २०१६ ला फी वाढवली तेव्हाच हे ठरलं. फी वाढल्याची बातमी घरोघरी गेली, माफीची गेली नाही. मध्यप्रदेशात २०१७ पासून मेधावी विद्यार्थी योजनाही आहे, मध्यप्रदेश बोर्डात ७० टक्के असले तरी अर्ज करता येतो. ताई ऐकून म्हणाल्या, "हमें किसने बताया?" मी आठ वर्षं त्यांच्या हातच्या पोळ्या खातेय. मीही सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट कागदांची. त्यांच्याकडे ओबीसीचा दाखला आहे, पण राज्याच्या नमुन्यातला. जेईईला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, नॉन-क्रीमी लेयरचा, म्हणजे घर त्या उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचा, आणि तोही त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला. अभ्यास सगळा झाला आणि कागदावर अडलं, असं होऊ शकतं. मुजफ्फरनगरच्या एका मजुराच्या मुलाचं २०२४ ला असंच पैशांच्या मुदतीवर अडलं. धनबाद आयआयटीची जागा मिळाली होती, १७,५०० रुपये २४ जूनला संध्याकाळी पाचपर्यंत भरायचे होते. घरच्यांनी पैसे जमवले तोवर वेळ संपली. सुप्रीम कोर्टात जावं लागलं, तेव्हा ३० सप्टेंबरला कोर्टाने जादा जागा देऊन प्रवेश द्यायला लावला. प्रत्येकाला कोर्ट सापडत नाही.

परीक्षा हिंदीत देता येते, मेन आणि अॅडव्हान्स्ड दोन्ही, हेही त्याला मी दाखवलं. पान उघडून दाखवल्याशिवाय त्याचा विश्वास बसला नाही. मग बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "फिजिक्स कमज़ोर है, काकू." वो अपने लिए नहीं है, हे वाक्य आलं नाही.

सर, गणित माझ्याकडे राहू द्या. भौतिकशास्त्र मला येत नाही. रविवारी त्याला तुमच्याकडे पाठवू का? फी मी देईन.

---

भंवरकुआ_फिजिक्स

रविवारी नको, टेस्ट असते. सोमवारी सहानंतर पाठवा, अकरावीची वही घेऊन. नवीन वही नको, आहे तीच. फीचं नंतर बघू.

तो निघेलच असं मी म्हणत नाही. आधी उजवं पान बघतो.