गिलाव्यात फायबर टाकलं तर कोंबडी जाळी लागत नाही का?

प्रश्न
फलटणजवळ गावी आई-वडिलांसाठी दोन खोल्या बांधतोय. भिंती एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या विटांच्या). मागची आजोबांच्या वेळची मातीची कोठी तशीच ठेवलीय.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून गिलावा केला. दुपारी दोनला काम उरकलं. संध्याकाळी जाऊन बघतो तर भिंतभर बारीक भेगांचं जाळं, नख जेमतेम अडकेल एवढ्या. आठ दिवसांनी कॉलम आणि ब्लॉकच्या सांध्यावर वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघही उमटली. वडील रोज सकाळी त्या भिंतीवरून हात फिरवतात आणि काही बोलत नाहीत. तेच माझ्या मनाला लागतं.

आता हा गिलावा काढून नव्याने करायचा आहे. दुकानदाराने पॉलिप्रॉपिलीन फायबरच्या, म्हणजे प्लास्टिकच्या बारीक तंतूंच्या, पुड्या दिल्यात, १२५ ग्रॅमची एक, सिमेंटच्या एका पोत्याला. मिस्त्री म्हणतात, हे टाकलं की गिलाव्याखाली ठोकायच्या तारेच्या कोंबडी जाळीचा खर्च वाचतो. वडील विचारतात, कोठीच्या लिंपणातही टाकायचं का? कुणी स्वतः वापरलं असेल तर सांगा.

उत्तर १
दादा, मी कोल्हापुरात साइटवर असते. तुमच्या दोन्ही भेगांची कारणं वेगळी आहेत.

जाळं पडलं ते उन्हावाऱ्यामुळे. ओल्या मालातलं पाणी भराभर उडालं, माल आकसला, आणि तेव्हा त्याच्यात ताण सोसायची ताकदच आलेली नव्हती. फायबरचं खरं काम याच पहिल्या काही तासांत असतं. केसाहून बारीक असे लाखो तंतू मालात सगळीकडे पसरलेले असतात, ते भेगेला रुंद होऊ देत नाहीत. घनमीटरला साधारण ९०० ग्रॅम म्हणजे आकारमानाने फक्त ०.१ टक्का, पण तेवढं पुरतं. माल एकदा कडक झाला की हे तंतू त्याच्यापुढे फार लवचिक ठरतात, मोठा भार पेलत नाहीत.

सांध्यावरची रेघ वेगळी. काँक्रीट आणि ब्लॉक उन्हात, ओलीत सारखे हलत नाहीत. तिथे जाळीच लागते, सांध्याच्या दोन्ही बाजूंना चांगली वीतभर. जाळी वाचवू नका. लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी काँक्रीटची पट्टी) आणि स्लॅबमधली सळईही कुणी कमी करू म्हणालं तर ऐकू नका.

उत्तर २
मी गवंडीकाम करतो, वीस वर्षं झाली. पुडी तशीच घमेल्यात फेकली तर समईच्या वातीसारखे गोळे होतात, आणि थापीखाली गोळा आला की तेवढा गिलावा पोकळ राहतो. आम्ही पुडी आधी बादलीभर पाण्यात सोडून हाताने पिंजतो. ते पाणी मालाच्या मापातलंच धरायचं. गिलाव्याला ६ मिमीचं फायबर घ्या, १२ मिमीचं काँक्रीटला.

फायबर पडलं की माल जड वाटतो आणि पोरं लगेच पाणी ओततात. तिथेच सगळं बिघडतं. भिंतीवर गिलाव्याआधी हलकं पाणी शिंपडा, पश्चिमेची बाजू सकाळीच उरका, ओलं गोणपाट लावा. सात दिवस पाणी मारायचं ते मारायचंच.

उत्तर ३
कोठीपुरतं लिहितो, मी मातीची आणि चुन्याची कामं करतो. मातीत प्लास्टिकचे तंतू टाकले तर भेगा कमी होतात, हे खरं आहे. पण मातीची भिंत दर काही वर्षांनी खरवडून पुन्हा लिंपायची असते. ती खरवडलेली माती तुम्ही परड्यातच टाकणार, आणि त्यातलं प्लास्टिक तिथेच राहणार. गव्हाचं भुस्सं, शेण, थोडा कापलेला ताग घालून माती चार-पाच दिवस मुरू द्या. कोठीची भिंत ओल घेते आणि सोडते, म्हणून तिथे सिमेंट तर अजिबात नको.

चुन्यात किंवा सिमेंटमध्ये पॉलिएस्टरचं फायबर कुणी दिलं तर मी घेत नाही, चुना-सिमेंटच्या अल्कलीत (तीव्र क्षारात) ते हळूहळू झिजतं. पॉलिप्रॉपिलीन टिकतं.

मूळ प्रश्नकर्ता
तीन आठवड्यांनी लिहितोय. पश्चिमेची भिंत पुन्हा केली, सकाळी सातला सुरू करून साडेदहाला संपवली. फायबर मी स्वतः बादलीत पिंजलं, मिस्त्रींनीही नंतर तीच पद्धत धरली. जाळं पडलं नाही. तिरप्या उन्हात भिंतीवर बारीक केस उभे दिसतात, ते रंगाआधी पॉलिश पेपरने जातील असं मिस्त्री म्हणाले. खिडकीवर हातभर जागेत जाळी कमी पडली होती, नेमकी तिथेच लिंटेलच्या कडेने रेघ आलीय. तेवढा भाग फोडून जाळी ठोकतोय.

कोठीसाठी आईने शेण आणि भुस्सं घालून माती भिजत घातलीय.