मदत हवी आहे: आपण चारा टाकलेल्या जागेवर दुसराच येऊन बसला तर काय करायचं?

पालमचा गळवाला (सोमवार, रात्री ९:४०)

कालपासून डोकं फिरलंय म्हणून लिहायलो. मी गंगेवर गळ टाकतो. मागच्या सोमवारपासून शनिवारपर्यंत रोज संध्याकाळी एकाच जागी चारा टाकला. शेंगदाण्याची पेंड, भाताचा कोंडा, थोडा गूळ. पेंड विकतची. रविवारी सुट्टी, तेव्हा बसायचं ठरवलं होतं. सकाळी सहाला गेलो तर तिथं दुसराच माणूस. मी म्हटलं ही माझी जागा आहे. तो म्हणाला, गंगा कुणाच्या बापाची नाही. मग मी शेजारीच गळ टाकला, तर दहा मिनिटांत तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) अडकला, ओढला तर तुटला, दोन्ही गळ गेले. सहा दिवसांची मेहनत पाण्यात. अशा माणसाशी कसं वागायचं? काही रीत असते का नाही? येत्या रविवारी परत जायचंय, लवकर सांगा.

सातारकर (सोमवार, रात्री ९:५२)

गंगेवर म्हणजे नेमकं कुठं? आणि तुम्हा दोघांत अंतर किती होतं?

गोदाकाठ (सोमवार, रात्री १०:०५)

सातारकर, आमच्या मराठवाड्यात गोदावरीला गंगाच म्हणतात. गंगाखेडचं नाव उगीच नाही पडलं. पालमचे आहेत म्हणजे दिग्रस बंधाऱ्याचा फुगवटा असणार. पण दादा, अंतर सांगा खरं. आणि जागेवर तुमची काही खूण होती का?

रीळवेडा (सोमवार, रात्री १०:११)

तंगूस तुटतोय म्हणजे तो जुना झालाय. उन्हात राहिला की ठिसूळ होतो, गाठीजवळच तुटतो. मी दर पावसाळ्यानंतर सगळा बदलतो. रोहूसाठी ०.४० मिलिमीटरचा घ्या आणि रिळाचा ब्रेक ढिला ठेवा. बजेट सांगितलं तर रीळही सुचवतो.

पालमचा गळवाला (सोमवार, रात्री १०:३०)

रीळ नकोय, माझी बांबूची काठी आहे. हो, दिग्रसचा फुगवटा. खूण कशाला पाहिजे, रोज मीच येतो तिथं. अंतर पंधरा-वीस पावलं असेल.

तळ्याकाठचा (सोमवार, रात्री १०:४४)

मी तुमच्या बाजूचा आहे. आमच्या पाझर तलावावर हे सगळे पाळतात. चारा ज्याचा, जागा त्याची. आदल्या दिवशी कुणी चारा टाकताना दिसला की दुसरा तिथं बसत नाही, आणि बसलाच तर पहिला आला की उठतो. चारा टाकणं म्हणजे शेत नांगरणं आहे. दुसऱ्याच्या नांगरटीत कुणी पेरतं का?

गोदाकाठ (सोमवार, रात्री १०:५८)

तळ्याकाठचे, तुमच्या तलावावर दहा माणसं, सगळी एकमेकांना ओळखणारी. तिथं चालतं ते. गंगेवर रोज नवा माणूस येतो. पाण्याखालची पेंड त्याला दिसणार कशी? मी तीस वर्षं गळ टाकतोय. आमची रीत एवढीच, की जो आधी येऊन बसला त्याची जागा, तो उठेपर्यंत. दुसऱ्यानं आधी विचारायचं, "बसू का इथं?" मग निदान दोन काठ्यांच्या लांबीएवढं अंतर सोडायचं. त्याच्या तरंग्यापुढून आपला गळ न्यायचा नाही. त्याला मोठा मासा लागला की आपला गळ आपणहून बाहेर काढायचा. मासा सैरावैरा पळतो, दोघांच्या दोऱ्या गुंतल्या की दोघांचंही जातं. आणि धपधप पाय आपटत काठानं जायचं नाही, हादरा पाण्यात जातो.

सातारकर (सोमवार, रात्री ११:१५)

माझा भाचा कॅनडात आहे. तिकडं सामन माशाच्या नद्यांवर एक फेक झाली की माणूस एक-दोन पावलं खाली सरकतो, मागचा त्याच्या जागी येतो. असं करत सगळा डोह प्रत्येकाच्या वाट्याला येतो. जागा अडवून बसणं तिकडं उद्धटपणा समजतात. आपल्याकडंही हे सुरू करायला हवं.

गोदाकाठ (सोमवार, रात्री ११:२२)

ते वाहत्या पाण्यात. तिथला मासा प्रवाहातून वर चढत असतो. बंधाऱ्याच्या फुगवट्यात पाणी थांबलेलं, आणि रोहू-मृगळ चाऱ्यावर येतात. सरकत राहिलात तर तुमचा चारा एकीकडं आणि गळ दुसरीकडं.

धर्माबादी (मंगळवार, सकाळी ६:५०)

नदीकाठी बसणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. आमच्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे असतात. त्या दिवसांत पाणी एकदम वाढतं. वरून जायकवाडीचे २७ दरवाजे उघडले तर विचारूच नका. लेकरं घेऊन जाऊ नका.

तळ्याकाठचा (मंगळवार, सकाळी ७:१०)

पालम कुठं आणि बाभळी कुठं? विषय जागेचा चाललाय.

धर्माबादी (मंगळवार, सकाळी ७:१८)

जीव गेल्यावर जागेचं काय करता? आमच्या गावचा एक पोरगा गेलाय, म्हणून सांगायलो.

जाळंवाली (मंगळवार, सकाळी ८:०५)

दादा, एक विचारू का? तो माणूस गळानं धरत होता की जाळ्यानं? हे तुम्ही कुठंच लिहिलं नाही.

पालमचा गळवाला (मंगळवार, दुपारी १:२०)

जाळ्यानं. साठीचा माणूस, थर्माकोलच्या चप्पूवर, म्हणजे तराफ्यावर. पण त्यानं काय फरक पडतो? जागा ती जागाच.

जाळंवाली (मंगळवार, दुपारी १:४५)

सगळा फरक त्यातच आहे. मी भोयाची लेक आहे, वडिलांनी उभा जन्म गंगेवर काढला. तुम्ही रविवारच्या हौसेसाठी येता, त्याची त्या दिवशीची भाजी-भाकरी जाळ्यात असते. जाळं संध्याकाळी सोडतात आणि पहाटे काढतात. म्हणजे तुम्ही सहाला आलात तेव्हा तो बसायला आला नव्हता, रात्रीचं जाळं गोळा करत होता. पाण्यावर बाटल्या तरंगत होत्या का?

पालमचा गळवाला (मंगळवार, दुपारी २:०२)

होत्या दोन. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. मला वाटलं कचरा.

जाळंवाली (मंगळवार, दुपारी २:१०)

त्याच जाळ्याच्या खुणा. एका बाटलीपासून दुसरीपर्यंत पाण्यात जाळं उभं असतं. तुमचा गळ त्यातच अडकला. तुम्ही ओढलात तेव्हा त्याचं जाळं फाटलं असणार. जाळ्याचं एक फाटकं घर, म्हणजे एक चौकोन, शिवायला किती वेळ लागतो ते कधी बघा.

तळ्याकाठचा (मंगळवार, दुपारी २:३०)

ताई, मान्य. पण जाळंवाले काय कमी आहेत? रात्रीत सगळा डोह घेरतात, गळवाल्याला बोट घालायला जागा ठेवत नाहीत. वर काही जण जिलेटिन टाकतात, पिल्लासकट सगळं मारतात.

जाळंवाली (मंगळवार, दुपारी २:४१)

जिलेटिनवाल्यांना आमच्यात धरू नका. पाण्यात स्फोटक टाकून किंवा विष कालवून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, आणि त्यात पहिलं पोट आमचंच मरतं. बऱ्याच बंधाऱ्यांत मच्छीमारांच्या संस्थेनं पैसे भरून बोटुकली सोडलेली असते. तुम्ही जो रोहू गळाला लावता तो बऱ्याचदा कुणीतरी बोटाएवढा असताना सोडलेला असतो.

गोदाकाठ (मंगळवार, दुपारी ३:१५)

ताईंचं बरोबर आहे. दादा, त्या पाण्याचा मासेमारीचा ठेका संस्थेकडं आहे का ते विचारा. असेल तर गळ टाकायलाही त्यांना विचारायला पाहिजे. आणि राग येऊ देऊ नका, पण "ही माझी जागा" हे तुम्ही कसं म्हणालात? रामराम घातला होता का आधी?

पालमचा गळवाला (मंगळवार, रात्री ८:५०)

नव्हता घातला. गाडी लावतानाच ओरडलो होतो, "ओ, उठा तिथून." चाऱ्याच्या जागेवर त्यांना बघून टाळकं सटकलं होतं. शनिवारी संध्याकाळी जाऊन बघतो.

रीळवेडा (मंगळवार, रात्री ९:०५)

कणकेच्या गोळ्यात चिमूटभर कापूस मळून घ्या. गोळा गळावरून सुटत नाही.

पालमचा गळवाला (शनिवार, रात्री ९:३०)

जाऊन आलो. मामा चप्पूवर बसून जाळं सोडायलेच होते. काठावरून रामराम घातला, म्हणालो चुकलं माझं, बाटल्या मला कळल्या नाहीत. ते काही बोलले नाहीत, आधी जाळं पुरतं सोडलं आणि मग काठाला आले. चप्पूच्या कोपऱ्यातून थर्माकोलचा एक तुकडा काढला. त्यात माझे दोन्ही गळ टोचून ठेवलेले होते, तुटक्या तंगुसासकट. "तुझे आहेत ना?" म्हणाले. अंगठ्याला चिंधी बांधलेली दिसली. काय झालं विचारलं तर पहाटेच्या अंधारात जाळं ओढताना त्यातलाच एक गळ शिरला होता. मीच विचारलं म्हणून सांगितलं, नाहीतर बोलले नसते.

चाऱ्याचं सांगितलं तर म्हणाले, "तरीच त्या रात्री रोहू जास्त लागले. का ते मला कळंना." आता असं ठरलंय. मी चारा टाकीन ती जागा आधी त्यांना सांगायची. ते काठावरच्या बाभळीच्या झाडाच्या खालच्या अंगाला जाळं सोडतील आणि सातच्या आत काढतील, मग मी बसायचं. फाटलेल्या जाळ्याचे पैसे देऊ केले, घेतले नाहीत. सुताचं रीळ आणून दे म्हणाले.

गोदाकाठ (शनिवार, रात्री ९:४८)

चांगलं केलं. गळाची टोकं तपासली का? त्यांच्या बाटल्यांना लाल फडकं बांधायला सांगा, लांबून दिसतं.

जाळंवाली (शनिवार, रात्री १०:०२)

दादा, गळ गंजलेले होते का? मामांनी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं का ते विचारलंत? आमच्या वडिलांनी कधी घेतलं नाही, मीच ओढून न्यायची. अंगठा सुजलाय का बघा.

पालमचा गळवाला (शनिवार, रात्री १०:२०)

एक गंजका होता, जुना. इंजेक्शनचं माझ्या डोक्यातच आलं नाही. अंगठा जरा सुजल्यासारखा वाटला खरा. उद्या पहाटे जातो, त्यांचं जाळं निघालं की गाडीवर मागं बसवून पालमच्या सरकारी दवाखान्यात नेतो. गळाचं पुढच्या रविवारी बघू.