थँक्यू न म्हणणाऱ्या लेकीनं माझा खांदा शेकला

वर्धेची_सून (सध्या पुणे)

नमस्कार. आमची लेक साडेतीन वर्षांची आहे. कोणी काही दिलं की मी "काय म्हणायचं?" विचारते आणि ती माझ्या ओढणीत तोंड लपवते. परवा शेजारच्या काकू वाटीभर शिरा घेऊन आल्या, तेव्हाही तेच. प्लेग्रुपमध्ये भिंतीवर 'मॅजिक वर्ड्स'चा तक्ता आहे, बाकीची मुलं एका सुरात थँक्यू म्हणतात. ही गप्प.

आता दुसरी गोष्ट. गेला आठवडाभर ती कोणाला सांगू नि कोणाला नको, असं झालंय मला.

पोळ्याला आम्ही सासरी गेलो होतो, वर्धा जिल्ह्यात. आदल्या संध्याकाळी आबाजींनी गोठ्यात बैलांचे खांदे शेकले. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, बैलाच्या मानेवर जिथं जू बसतं तिथं तूप नि हळद पळसाच्या पानानं हळूहळू चोळतात. तिथली कातडी वर्षभर घासून राठ झालेली असते. लेक आबाजींच्या कडेवर होती. तिनं विचारलं, "याला बाऊ झाला?" आबाजी म्हणाले, "आपल्यासाठी ओढलं ना यानं वर्षभर, म्हणून शेकायचं." मग बैलाच्या कानाशी जाऊन नेहमीचं निमंत्रण दिलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी पुरणपोळी बैलांनी आधी खाल्ली, आम्ही नंतर.

पुण्याला परत आल्यावर तिसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून आले, लॅपटॉपची बॅग खाली ठेवली आणि तशीच जमिनीवर बसले. ही आतून खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली. कुंडीतल्या मनीप्लांटचं एक पान तोडून आणलेलं. कुर्त्याचा गळा बाजूला सारून तिनं पानानं माझ्या खांद्यावर तेल लावलं, अगदी बॅगेचा पट्टा रुततो तिथंच. "तू बॅग ओढते ना." आणि कानाशी येऊन म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

कुर्त्याचा तो तेलाचा डाग मी अजून धुतलेला नाही.

तर प्रश्न असा, की जिला हे कळलं तिच्याकडून लोकांसमोर 'थँक्यू' वदवून घ्यायचा आग्रह धरू का? सासूबाई म्हणतात, घरच्यांना कसलं थँक्यू, परकं केल्यासारखं वाटतं. पण काकूंना काय सांगू?

---

बालवाडीताई (सांगली)

डोळे भरून आले गं वाचून. आमच्या भागात पोळा नाही, आषाढात बेंदूर असतो, पण बैलाचं कौतुक तेच.

बावीस वर्षं बालवाडीत आहे, त्यावरून सांगते. "काय म्हणायचं?" हा प्रश्न चारचौघांत विचारला की मुलाला ती परीक्षा वाटते. देणाऱ्याकडं न बघता ते आईच्या तोंडाकडं बघत बसतं. तू विचारूच नकोस. तिच्यासमोर तूच काकूंना म्हण, "काकू, आज स्वयंपाकाचा कंटाळा आला होता, तुमच्या शिऱ्यानं फार बरं वाटलं." कशाबद्दल ते नीट सांगायचं. नुसत्या 'थँक्यू'तून तिला काही दिसत नाही, बैलाचा खांदा मात्र दिसला होता. आणि काकूंची वाटी परत द्यायला तिला पाठव. रिकामी नको, चार शेंगदाणे का होईना घालून.

---

फोंड्याचा_माणूस

ताईंचं पटलं, पण शब्दही शिकवाच. घरच्यांना खांदा शेकून कळतं, बसच्या कंडक्टरला कसं कळणार? आमच्याकडे गोव्यात कोंकणीत आभार मानताना 'देव बरें करूं' म्हणतात. माझा मुलगा दुकानात, फेरीबोटीवर सगळीकडे तेच म्हणतो. समोरच्याचं भलं होवो असा आशीर्वादच आहे तो, त्यामुळे लहान तोंडून ऐकताना म्हातारी माणसं हात जोडतात. तुमच्या लेकीलाही तिच्या तोंडात बसेल असा शब्द सापडू द्या. 'थँक्यू'च हवा असं कुठं आहे?

---

यवतमाळकर_आजोबा

सूनबाई, लेकीचं कौतुक आहेच. एक विचारतो, राग मानू नये. बैलांना वर्षभर चारा-पाणी कोणी केलं? पोळ्याला सालदाराला, म्हणजे सालानं ठेवलेल्या गड्याला, नवे कपडे देण्याची आपल्याकडे रीत आहे, ती बैलांच्या पूजेइतकीच महत्त्वाची. आमच्या घरी ते कपडे नातवंडांच्या हातून देतात आणि पोरं त्याच्या पाया पडतात. बैलाचा खांदा तिनं पाहिला, माणसाचाही दाखवा.

---

वर्धेची_सून

आजोबा, राग कसला? तुमचं मनाला लागलं, कारण यंदा कपडे आबाजींनी परस्पर दिले आणि आम्ही तेव्हा फोटो काढण्यात होतो. माझं चुकलंच.

काल रात्री सासरी व्हिडिओ कॉल लावला आणि सालदारकाकांना बोलवायला सांगितलं. लेकीला एवढंच म्हटलं, "बैलांना रोज पाणी हे काका पाजतात. पहाटे, आपण झोपलेलो असतो तेव्हा." पुढं काही शिकवलं नाही. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. मग विचारलं, "काका, तुमचा खांदा दुखतो?"

काका आधी हसले, मग गप्प झाले. खांद्यावरचा दुपट्टा सारखा करत म्हणाले, "आता नाही दुखत, माय."

काकूंची वाटी आज सकाळी तीच देऊन आली. आत शेंगदाणे मोजून चार. ताई, तुम्ही चार म्हणालात म्हणून तिला मी चार सांगितले, तर पाचवा तिनं स्वतःच्या मुठीतला घातला.